गाठ कापून बघा: शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरवण्याची रीत

पेरणीनंतर 40 दिवसांनी सोयाबीनचं एक झाड मुळांसकट अलगद उकरून काढा. मुळावरची मोठीशी गाठ ब्लेडने मधोमध कापा. आत कच्च्या मटणासारखा लालसर रंग दिसला, तर ते झाड हवेतला नत्र (नायट्रोजन) स्वतः मिळवतंय आणि त्याला युरिया घालण्याचं कारण नाही. आत पांढरं, हिरवट किंवा तपकिरी दिसलं, तर मुळावर पन्नास गाठी असल्या तरी त्यांचा पिकाला उपयोग नाही. शेंगवर्गीय पिकात नव्याने पडणाऱ्याने पहिल्या हंगामात हे कापून बघणं शिकलं पाहिजे. बियाण्याला लावायच्या जिवाणूंच्या पाकिटापासून पाणी तुंबू न देण्यापर्यंत बाकीची सगळी कामं या लाल रंगासाठीच करायची असतात.

यात पैसा किती आहे ते आधी पाहू. सोयाबीनच्या दाण्यात 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे एक क्विंटल सोयाबीनमध्ये सुमारे 6 किलो नत्र. एकरी 10 क्विंटल पीक आलं तर नुसत्या दाण्यातून 60 किलो नत्र शेताबाहेर जातो. तेवढा नत्र युरियातून द्यायचा तर 130 किलो युरिया लागेल, 45 किलोच्या जवळजवळ तीन गोण्या. आपण पेरताना देतो त्या खतात यातला छोटासा वाटा असतो. बाकीचा जमिनीतून आणि गाठींमधून येतो. गाठी चालल्या नाहीत तर पीक मरत नाही, फिकट राहतं आणि दाणा कमी भरतो. म्हणूनच हा तोटा सहसा लक्षात येत नाही.

मुळाजवळ नेमकं काय घडतं

हर्मान हेलरीगेल आणि हर्मान विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1886 मध्ये दाखवून दिलं, की वाटाण्यासारखी पिकं गाठींच्या आधाराने हवेतला नत्र घेतात. दोनच वर्षांनी, 1888 मध्ये, हॉलंडच्या मार्टिनस बेयरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. त्यानंतरच्या संशोधनातून पुढचा क्रम उलगडला.

कोवळं मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं सोडतं. जवळपास त्या पिकाशी जुळणाऱ्या जातीचा रायझोबियम, म्हणजे गाठी करणारा जिवाणू, असला तर तो ही खूण ओळखतो आणि उत्तरादाखल स्वतःचा एक रेणू सोडतो. हा रेणू मुळाला ओळखीचा वाटला तरच बारीक केशमूळ वाकून काठीच्या मुठीसारखं वळतं आणि जिवाणू त्या वळणात अडकतो. तिथून केशमुळाच्या आत एक नळी तयार होते. त्या नळीतून जिवाणू विभागत विभागत मुळाच्या गाभ्याकडे सरकतात. त्याच वेळी आतल्या पेशी फुगून वाढायला लागतात, ती गाठ. सोयाबीनमध्ये उगवणीनंतर दहा-बारा दिवसांत डोळ्यांना बारीक मोहरीएवढे फुगवटे दिसतात आणि दोन ते तीन आठवड्यांत नत्राचं काम सुरू होतं. त्याआधी रोप दाण्यातल्या साठ्यावर आणि जमिनीतल्या नत्रावर जगतं. पेरताना थोडा नत्र देतात तो या मधल्या दिवसांसाठी.

भुईमुगाची वाट वेगळी आहे. तिथे जिवाणू केशमुळातून न शिरता, उपमूळ फुटताना पडलेल्या भेगेतून आत जातात. म्हणून भुईमुगाच्या गाठी उपमुळांच्या बेचक्यात सापडतात. ढैंचाच्या काही जातींत तर खोडावरही गाठी येतात.

हवेतल्या नत्राचा रेणू तोडून त्याचा अमोनिया करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) नाव नायट्रोजिनेज. त्याला लोह आणि मॉलिब्डेनम लागतं आणि ऑक्सिजनचा स्पर्श झाला की ते निकामी होतं. पण जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच. हा पेच लेगहिमोग्लोबिन सोडवतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे भावंड ऑक्सिजन धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच सोडतं. गाठीचा लाल रंग त्याचाच.

हे काम पिकाला फुकट पडत नाही. नत्राचा एकेक रेणू तोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचे, 16 रेणू खर्च होतात आणि त्यासाठीची सारी साखर पानांकडून येते. जमिनीत तयार नत्र भरपूर मिळाला तर झाड हा खर्च टाळतं आणि गाठी धरणं थांबवतं. पानांवर सावली पडली, तण वाढलं, पानं खाणाऱ्या अळीने चाळण केली, तर गाठींची साखर तुटते. पिकाच्या वर जे होतं ते खाली गाठीत उमटतं, हे शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

कोणत्या पिकाला कोणता जिवाणू

पाकिटावर नुसतं ‘रायझोबियम’ लिहिलेलं पुरत नाही. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम लागतो. हरभऱ्याला मेझोरायझोबियम, वाटाणा आणि मसुराला रायझोबियम लेग्युमिनोसॅरम, मेथी आणि लसूणघासाला वेगळाच. तूर, मूग, उडीद, चवळी, मटकी, भुईमूग ही मंडळी एका मोठ्या गटातली. त्यांचे जिवाणू आपल्या जमिनींत बहुतेक ठिकाणी मुळातच असतात. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला लावलं तर काही बिघडत नाही आणि काही घडतही नाही. पैसे तेवढे वाया जातात.

जिथे ते पीक पूर्वी कधीच घेतलेलं नाही, तिथे जिवाणू लावण्याचा फायदा सगळ्यात मोठा दिसतो. दरवर्षी सोयाबीन घेतलेल्या रानात जिवाणूंची वस्ती झालेली असते आणि तिथे फरक कमी दिसतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे भातानंतर हरभरा घेतात. भाताच्या साचलेल्या पाण्यात हरभऱ्याचे जिवाणू कमी होतात, म्हणून तिथे दरवेळी बीजप्रक्रिया, म्हणजे पेरण्याआधी बियाण्याला जिवाणू लावणं, करावीच.

राजमा मात्र या बाबतीत कमकुवत. त्याच्या गाठी उशिरा येतात आणि नत्र कमी देतात. त्याला इतर कडधान्यांच्या मापाने नत्र दिला तर पीक उपाशी राहतं.

पाकीट विकत घेताना

पाकिटात जिवंत माल आहे हे आधी मनात पक्कं करा. खत नियंत्रण आदेशानुसार घन स्वरूपातल्या संवर्धकात (पाकिटातल्या जिवाणूंच्या मालाला संवर्धक म्हणतात) दर ग्रॅमला किमान 5 कोटी आणि द्रवरूपात दर मिलीलिटरला किमान 10 कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. घन संवर्धकाचं 250 ग्रॅमचं पाकीट 10 किलो बियाण्याला लावलं, तर सोयाबीनच्या एका दाण्याच्या वाट्याला साधारण 1 लाख 37 हजार जिवाणू येतात. मोठ्या दाण्याला किमान 1 लाख तरी हवेत असा हिशेब धरतात. म्हणजे प्रमाण जेमतेम पुरेल एवढंच आहे. पत्र्याच्या दुकानात उन्हात पडलेल्या पाकिटातले दहातले नऊ मेले, तर दाण्यावर 14 हजारही उरत नाहीत.

लेबलवर पिकाचं नाव, तयार केल्याची तारीख आणि वापराची अंतिम तारीख बघा. घन संवर्धक साधारण 6 महिने टिकतं, द्रवरूप वर्षभर. परभणी, राहुरी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत संवर्धकं मिळतात. तिथली ताजी मिळत असतील तर वाकडी वाट करून आणणं परवडतं. आणल्यावर सावलीत, गार जागी, माठाजवळ ठेवा. गाडीच्या डिकीत ठेवू नका आणि कीटकनाशकांच्या कपाटात तर नकोच. उघडल्यावर आंबूस, कुजका वास आला किंवा द्रवरूपाची बाटली फुगलेली असली तर लावू नका.

बीजप्रक्रिया, क्रमाने

एकरी 30 किलो सोयाबीन बियाणं धरू.

पहिल्यांदा बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणू. हा क्रम मोडायचा नाही. कार्बोक्झिन आणि थायरम हे मिश्र बुरशीनाशक किलोला 3 ग्रॅम लावलं असेल तर ते सुकू द्या. मग पेरणीच्या आधी दोन-तीन तास जिवाणू लावा. रासायनिक बुरशीनाशक जिवाणूंना थोडंफार बाधतंच, म्हणून अशा वेळी संवर्धकाचं प्रमाण दीडपट घ्या. तांबंयुक्त औषध लावलेल्या बियाण्यावर जिवाणू लावण्यात अर्थ नाही. तिथे जिवाणू जमिनीतून द्या. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) आणि रायझोबियमचं जमतं.

एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम गूळ विरघळवा, एक उकळी आणा आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट पाण्यात संवर्धक टाकणं ही नवख्यांची नेहमीची चूक. क्लोरीन घातलेलं नळाचं पाणी असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून वापरा. दर 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं एक पाकीट आणि 200 ते 250 मिली गूळपाणी घेऊन घट्ट राबडी करा. ताडपत्रीवर किंवा गोणपाटावर बियाणं पसरून त्यावर राबडी शिंपडा आणि हलक्या हाताने खालीवर करा. प्रत्येक दाण्यावर काळसर पातळ थर बसला पाहिजे.

सोयाबीनची साल फार पातळ. पाणी जास्त झालं की साल सुटते, दाणा फुगतो आणि उगवण घटते. रगडून चोळलं तरी तेच होतं. यामुळे सोयाबीनला द्रवरूप संवर्धक सोयीचं पडतं. किलोला 10 मिली, म्हणजे 30 किलोला 300 मिली. वेगळं पाणी लागत नाही. हरभरा, तूर, मुगाची साल टणक असते. त्यांना 10 किलोला 300 मिली गूळपाणी चालतं.

स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू याच राबडीत मिसळता येतात. ते मिसळलेले बरे, कारण गाठींना स्फुरदाची भूक मोठी असते. लावून झाल्यावर बियाणं सावलीत अर्धा तास सुकवा. उन्हात वाळवलं तर सकाळपासूनची सगळी मेहनत तासाभरात जाते. त्याच दिवशी पेरा. पाऊस आला आणि पेरणी राहिली, तर दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटाने पुन्हा हलकी प्रक्रिया करा.

कोकण आणि गोव्याच्या जांभ्या, आम्लधर्मी मातीत चवळी किंवा वाल घेत असाल तर आणखी एक थर द्या. राबडी लावलेल्या 10 किलो बियाण्यावर साधारण 600 ग्रॅम चुनखडीची मैद्यासारखी पूड घोळवा. ही कॅल्शियम कार्बोनेटची पूड असली पाहिजे. घराला लावायचा विरवलेला चुना वापरलात तर तो जिवाणूंना जाळतो. अशा जमिनीत मॉलिब्डेनमही कमी उपलब्ध असतं. माती परीक्षणात तशी कमतरता दिसली तर अमोनियम मॉलिब्डेट किलोला 1 ग्रॅम बियाण्याला लावतात.

बीजप्रक्रिया जमलीच नाही, तर 2 किलो संवर्धक 50 किलो चाळलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून एक रात्र सावलीत झाकून ठेवा आणि पेरणीच्या ओळीत द्या. शेणखत पूर्ण मुरलेलं हवं. कच्चं असेल तर ढीग तापतो.

पेरणी आणि खत

प्रक्रिया केलेलं बियाणं आणि दाणेदार खत एकाच चाड्यात (पेरणीच्या अवजारावरच्या बियाणं सोडायच्या वाटीत) घालून पेरू नका. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटला चिकटलेल्या दाण्यावरचे जिवाणू क्षाराने मरतात. खताचं नळं वेगळं आणि खत बियाण्याच्या बाजूला, थोडं खाली.

हरभऱ्याला हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद पुरतं. एकराचा हिशेब केला तर 50 किलो डीएपीची एक गोणी जवळपास तेवढंच देते. त्यानंतर पीक हिरवंगार दिसावं म्हणून विसाव्या-पंचविसाव्या दिवशी युरिया फेकतात, ते गाठींना मारक आहे. गाठी धरायला लागतात तेव्हाच झाडाला तयार नत्र मिळतो आणि ते गाठींकडे पाठ फिरवतं. पाला वाढतो, फुलोरा लांबतो, दाणा भरायच्या वेळी नत्र कमी पडतो. केवळ शेजाऱ्याचं रान जास्त काळपट दिसतं म्हणून युरिया टाकायचा मोह आवरा.

ओल महत्त्वाची. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमीन नीट ओली झाल्यावर सोयाबीन पेरा. धूळपेरणी केली तर जिवाणू कोरड्या मातीत पावसाची वाट पाहत मरतात. कोरडवाहू हरभरा ओलीपर्यंत खोल पडला पाहिजे. वरच्या सुकलेल्या थरात गाठी धरतच नाहीत.

पाणी तुंबणं त्याहून वाईट. मातीतली हवा गेली की गाठीतलं श्वसन अडतं आणि दोन-तीन दिवसांत पानं पिवळी पडू लागतात. काळ्या भारी जमिनीत रुंद वरंबा सरीवर पेरलेल्या सोयाबीनच्या गाठी सपाट रानापेक्षा चांगल्या राहतात, ते या निचऱ्यामुळे.

उकरून बघणं

पहिली तपासणी 20 ते 25 दिवसांनी करा. तेव्हा गाठी आल्या आहेत का एवढंच बघायचं. खरी तपासणी 35 ते 45 दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास. रानातल्या पाच वेगवेगळ्या जागी, प्रत्येक ठिकाणी दोन झाडं घ्या.

झाड उपटू नका. उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि ‘गाठीच नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. चारी बाजूंनी वीतभर अंतरावर कुदळ घालून मातीच्या गोळ्यासकट उचला, बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजवा आणि माती आपोआप सुटू द्या.

आता तीन गोष्टी बघा. गाठी कुठे आहेत? सोटमुळावर, खोडाच्या जवळ घोळक्याने असतील तर बहुधा लावलेल्या जिवाणूंच्या. लांबच्या उपमुळांवर विखुरलेल्या असतील तर जमिनीतल्या जुन्या वस्तीच्या. किती आहेत? सोयाबीनच्या झाडाला 8 ते 20 मोठ्या, चालू गाठी पुरतात. बारीक बारीक शंभर गाठी ही चांगली खूण नव्हे. त्या बहुतेक वेळा आळशी जिवाणूंच्या असतात. आणि रंग? प्रत्येक झाडाच्या पाच-सहा गाठी कापा. लाल किंवा गुलाबी म्हणजे काम चालू. लहान आणि पांढरी म्हणजे अजून कोवळी, आठवड्याने पुन्हा बघा. मोठी होऊनही पांढरी म्हणजे निरुपयोगी. हिरवट, तपकिरी, पिळली की पाणी सुटणारी म्हणजे संपलेली. दाणे भरत आल्यावर गाठी संपणं साहजिक आहे. फुलोऱ्यातच तसं दिसलं तर पाणी किंवा अन्नद्रव्य कुठेतरी बिघडलंय.

सोयाबीन, मूग, चवळीच्या गाठी वाटाण्यासारख्या गोल असतात. हरभऱ्याच्या लांबट, फाटे फुटलेल्या, आल्याच्या तुकड्यासारख्या दिसतात. त्यांचं टोक वाढत राहतं, म्हणून टोकाला पांढरं, मध्ये लाल आणि बुडाशी हिरवट असे पट्टे एकाच गाठीत सापडतात. मधला लाल पट्टा मोठा असला की झालं.

एक गोंधळ नेहमी होतो. सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या) गाठीही मुळावर येतात. फरक अंगठ्याने कळतो. नत्राची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि अंगठ्याने दाबताच सुटून येते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं, ती सोडवायला गेलं तर मूळ तुटतं. सूत्रकृमीच्या गाठी मोजून समाधान मानलेलं रान पुढे वाळतं.

तुरीच्या गाठी पोकळ, आतून खाल्लेल्या निघाल्या तर ते एका माशीच्या अळीचं काम आहे.

पिवळं दिसलं म्हणून लगेच युरिया नको

खालची, जुनी पानं एकसारखी फिकट होत असतील आणि गाठी पांढऱ्या किंवा नसतीलच, तर नत्राची कमतरता. वरची, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोहाची. चुनखडीच्या काळ्या जमिनीत सोयाबीनला हे फार होतं. तिथे 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट फवारा. युरियाने ते सुधारत नाही. हिरवे-पिवळे चट्टे मिसळलेले असतील तर विषाणू समजून ती झाडं उपटा.

खरोखर गाठी धरल्याच नसतील, तर त्या हंगामात पुन्हा जिवाणू ओतून फारसं साधत नाही. तेव्हा युरिया द्यावाच लागतो. एकरी एक गोणी, दोन हप्त्यांत, जमीन वापशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना. गाठी थोड्या आहेत पण कमजोर, अशा वेळी फुलोऱ्यात 2 टक्के युरियाची फवारणी पुरते, 10 लिटर पाण्याला 200 ग्रॅम.

पाकिटाने आपल्या रानात फरक पडतो का, हे स्वतः तपासा. चार ओळी जिवाणू न लावता पेरा. त्या आधी पेरा, नाहीतर चाड्याला चिकटलेले जिवाणू तिकडेही जातात. दोन्हीकडची झाडं एकाच दिवशी उकरा, गाठी कापा, आणि मळणीला त्या ओळींचं वजन वेगळं घ्या. फरक दिसला नाही तर जमिनीत वस्ती आहे, किंवा पाकीट मेलेलं होतं. कोणतं खरं ते गाठींचा रंग सांगतो. दोन्हीकडे लाल असतील तर वस्ती आहे.

बेवड

बेवड म्हणजे आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी जमिनीत मागे ठेवलेला फायदा. सोयाबीनच्या गाठींतला बराचसा नत्र दाण्यात जातो आणि बाजारात विकला जातो. मागे जमिनीत उरतो तो मुळं, गाठी आणि गळलेल्या पानांतला. त्यामुळे सोयाबीननंतरच्या गव्हाचं नत्र मोठ्या प्रमाणात कापू नका. मूग, उडीद, चवळी लवकर निघतात, पाला जास्त गाळतात, त्यांचा बेवड जास्त जाणवतो. ढैंचा किंवा ताग फुलोऱ्यात गाडला तर सगळाच नत्र रानात राहतो.

काढणी करताना हरभरा मुळासकट उपटायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. विळ्याने जमिनीलगत कापा. मुळं आणि गाठी जागच्या जागी कुजतील, आणि त्यांतले जिवाणू पुढच्या हरभऱ्यासाठी त्याच मातीत राहतील.